राजकारणावर सगळेच बोलतात, मग स्वतः उतरायला का कचरतात?

कारण बोलायला काही लागत नाही हो, उतरलं की नोकरी, घर, झोप सगळंच पणाला. रस्ता चांगला झाला तर धडपडणाऱ्यालाही मिळतो आणि घरी बसलेल्यालाही, मग वाईटपणा कोण घेणार? मॅन्कर ओल्सन या अर्थतज्ज्ञाने १९६५ मध्येच हे मांडलंय, गट जेवढा मोठा तेवढं प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी करेल. त्यात एकदा पक्षाचा शिक्का बसला की संपलं, ऑफिसात नुसतं 'लाइट बिल जास्त आलं' म्हटलं तरी 'तुमच्या साहेबांना सांगा ना' ऐकायचं, आणि फॅमिली ग्रुपवर मेव्हणा म्यूट करतो तो कायमचाच. (आळसही असतो, कबूल कोणी करत नाही.) बाकी निवडणूक लढवणं म्हणजेच राजकारण असं नाही, भर सभेत उठून खर्चाचा हिशोब मागणं हेही त्यातच आलं, पण लोक तेही टाळतात.