पस्तीस इंची टायर, मूळचा एक्सल आणि थांबवायची एसआयपी

साताऱ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वय 34, कंपनीतली नोकरी, हातात येणारा पगार 92,000. पत्नीने मुलीसाठी सध्या नोकरी सोडली आहे, मुलगी 3 वर्षांची. 2023 मध्ये घेतलेली डिझेल थार फोर-बाय-फोर, हप्ता 24,300, अजून 36 हप्ते बाकी. घरखर्च 45,000, एसआयपी 12,000, अडीअडचणीसाठी बँकेत 1,40,000. एप्रिलमध्ये साधारण 1,20,000 बोनस मिळतो. 18 इंची रिमवरचे मूळचे टायर 48,000 किलोमीटर चालून गुळगुळीत झालेत, म्हणून ते चिखलासाठीचे 35 इंची मड-टेरेन टायर बसवायच्या विचारात आहेत. वर्कशॉपचं कोटेशन असं: पाच टायर 1,40,000, पाच अलॉय 70,000, लिफ्ट किट (बॉडी उंच करणारे सुटे भाग) 45,000, फेंडर (चाकावरचा पत्रा) कापणं, फ्लेअर (त्याची रुंद कड) आणि मजुरी 30,000. एकूण 2,85,000. एक्सल मूळचेच राहणार. पत्रातला शेवटचा प्रश्न: "14 टक्क्यांनी तीन वर्षांचं पर्सनल लोन घेऊ, की दोन वर्षं एसआयपी थांबवू? घरी याला वेडेपणा म्हणतात. मित्र म्हणतात, थार घेऊन हे नाही करायचं तर घेतली कशाला?"

दोन्ही वाटांचा हिशेब करू, कारण तो तुम्ही मागितला आहे. पण मला अडचण तिसऱ्याच ठिकाणी दिसते आणि ती तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली आहे: "एक्सल मूळचेच राहणार." एक्सल म्हणजे चाकांना जोडणारा आणि फिरवणारा दांडा.

आधी कर्ज. 2,85,000 वर 14 टक्के दराने 36 महिन्यांचा हप्ता 9,740 च्या आसपास बसतो. एकूण फेड साडेतीन लाख, म्हणजे 65,000 नुसतं व्याज. आज पगारातून घरखर्च, गाडीचा हप्ता आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे 10,700 उरतात. नव्या हप्त्यानंतर उरतील 960. महिन्याला 1,200 किलोमीटर चालवता, सरासरी 13 मिळते असं लिहिलंय. जड टायरने ती 11 वर आली असं धरू. सतरा लिटर डिझेल जास्त लागेल, लिटरला नव्वद धरले तर 1,500 रुपये. म्हणजे पहिल्याच महिन्यात तुम्ही साडेपाचशे रुपयांनी उणे, आणि अजून काहीच मोडलेलं नाही.

आता एसआयपी. दोन वर्षांचे 12,000 म्हणजे 2,88,000. कोटेशनशी रक्कम इतकी तंतोतंत जुळते की मोह होणारच. हेच पैसे दोन वर्षांत गुंतवून पुढे 13 वर्षं तसेच ठेवले आणि सरासरी 10 टक्के वाढ धरली (हे गृहीतक आहे, हमी नाही), तर मुलगी अठराची होईल तेव्हा जवळपास 10,90,000 होतात. तिच्या कॉलेजचा मोठा वाटा. दोन वाटांतून एक निवडा असा आग्रहच असेल, तर मी एकही निवडणार नाही.

आता एक्सलकडे वळतो. हे मेकॅनिकचं काम आहे, सल्लागाराचं नाही, असं तुम्ही म्हणाल. पण खर्च कुठून निघणार हे कळल्याशिवाय मला आकडा मांडता येत नाही.

तुमचं मूळ माप 255/65 आर18, म्हणजे उंची साधारण 31 इंच. नवा टायर 35 चा. चाक चार इंचांनी उंच झालं तरी एक्सल वर जातो त्याच्या निम्मा, दोन इंच. लिफ्ट किट बॉडी उचलतं. मागच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मध्यावरून दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गियरपेटीचा) गोळा जमिनीपासून किती वर राहणार हे टायरच ठरवतो. म्हणजे त्या गोळ्याखाली तुम्ही जेमतेम 50 मिलिमीटर जागा विकत घेताय. एका मिलिमीटरला 5,700 रुपये.

आणि त्या 50 मिलिमीटरची किंमत एक्सल मोजतो. घट्ट बसलेला बोल्ट खोलताना पान्याला पाइप लावतात, ते तुम्ही पाहिलं असेल. पाइप जितका लांब तितका जोर जास्त, आणि शेवटी बोल्टच तुटतो. मोठा टायर हा तसाच पाइप आहे. एक्सलचा शाफ्ट मूळ उंचीच्या आणि मूळ वजनाच्या चाकासाठी घडवलेला असतो. जिथे मूळचा टायर घसरून मोकळा फिरला असता, तिथे 35 इंची मड-टेरेन पकड धरतो. लो-रेंजच्या (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गियरमध्ये इंजिनचा जोर कित्येक पटींनी वाढून येतो, डिफरन्शियल लॉक झालेला असतो, चाक दगडाच्या बेचक्यात अडकलेलं असतं. हा सगळा जोर मग शाफ्टवर किंवा क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या गियरच्या) दातांवर उतरतो. चाक घसरणं हा गाडीचा सेफ्टी फ्यूज असतो, आणि तुम्ही तोच काढायला निघाला आहात.

थारमध्ये मागे रिजिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर) आहे, पण पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र). त्यामुळे पुढचा भाग जास्त नाजूक. लिफ्ट केल्यावर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंट (शाफ्टचा वळणारा सांधा) तिरका चालतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो, आत चिखल जातो. बॉल जॉइंट, टाय-रॉड एंड आणि व्हील बेअरिंग यांची झीज वेगळी. या मापाचा मड-टेरेन टायर एकटाच तीस किलोच्या आसपास भरतो. तेवढं फिरतं वजन थांबवायला ब्रेक मात्र तेच, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. खंबाटकीच्या उतारावर हे आठवेल. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 90 ने धावत असेल. आणि पाचवं चाक मागच्या दारावर लटकणार, त्याचा भार बिजागऱ्यांवर.

अमेरिकेत जीपने 2021 मध्ये रँग्लरवर स्वतः 35 इंची टायर दिले, 'एक्स्ट्रीम रेकॉन' पॅकेजमध्ये. तेव्हा कंपनीने एक्सलचं गियर गुणोत्तर 4.56 केलं, दीड इंच लिफ्ट दिली आणि मागच्या दाराला मजबुती दिली. ज्या रूबिकॉन मॉडेलवर ते दिलं, त्याचे एक्सल मुळातच दणकट असूनही हे करावं लागलं. तुमच्या कोटेशनमध्ये यातली फक्त लिफ्ट आहे.

(मीही यातून गेलो आहे. तरुणपणी एका जुन्या फोर-बाय-फोरला हौसेने मोठे टायर लावले आणि वेल्ह्याच्या पुढे पावसात मागचा शाफ्ट तुटला. ट्रॅक्टरवाल्याने पैसे आधी मोजून घेतले, मग दोर बांधला.)

म्हणून माझा पहिला गृहपाठ असा. ज्या वर्कशॉपने कोटेशन दिलं, त्यांच्याकडूनच मागचा एक्सल शाफ्ट, क्राऊन-पिनियनचा सेट, पुढचे दोन ड्राइव्ह शाफ्ट आणि चारही बेअरिंग यांचे भाव मजुरीसकट लेखी घ्या. "काही होत नाही साहेब" हे उत्तर लेखी मिळत नसतं. त्या कागदाशिवाय मी या हौसेमागे किमान एक लाख राखीव धरतो. ते धरले तर 2,85,000 चे 3,85,000 झाले.

पण मला खरी धास्ती मोडतोडीची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. बेकायदा बदलाला कलम 182अ खाली बदलागणिक 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर रोज कुणी अडवत नाही, हे मान्य. पण अपघात झाला की विम्याचा सर्वेक्षक येतो आणि टायरचं माप साइडवॉलवर (टायरच्या बाजूवर) छापलेलं असतं. विमा कंपनी दावा फेटाळेलच असं मी म्हणत नाही. मात्र कापलेले फेंडर आणि न कळवलेला बदल म्हणजे तिच्या हातात आयतं कारण. तिसऱ्या पक्षाला द्यावी लागलेली भरपाईही ती नंतर तुमच्याकडून वसूल करू पाहील.

गाडी बँकेकडे तारण आहे. 9 टक्के दर धरला तर तुमच्या 36 हप्त्यांमागे आज साधारण 7,64,000 मुद्दल शिल्लक आहे. गाडी निकामी झाली आणि स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकला, तर हप्ते थांबत नाहीत. घरात एकच पगार, शिल्लक 1,40,000. घरखर्च आणि गाडीचा हप्ता मिळून महिन्याला 69,300 जातात, म्हणजे ही शिल्लक दोन महिन्यांची. या परिस्थितीत विम्याला भोक पाडणं हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महागडा खर्च आहे, आणि तो कोटेशनमध्ये नाही. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिचंही तेच. एक्सल-सस्पेन्शनच्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटर आधी टायरकडे बोट दाखवेल.

आता मित्रांच्या प्रश्नाचं उत्तर. वर्षातून आठ-दहा वेळा चाळकेवाडी, ठोसेघर, बामणोलीकडच्या कच्च्या वाटा, असं तुम्ही लिहिलंय. चार वर्षांत फार तर चाळीस दिवस. कर्जासकट साडेतीन लाख भागिले चाळीस, म्हणजे चिखलाच्या प्रत्येक दिवसाला पावणेनऊ हजार, डिझेल वेगळं. आणि जांभ्याच्या सड्यावर, पावसाळी लाल वाटेवर मूळ मापाचा चांगला ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर, लो-रेंज आणि नीट निवडलेली चाकोरी एवढ्यावर बहुतेक ठिकाणी जाता येतं. (कासच्या पठारावर मात्र कुठल्याच टायरने जाऊ नका. फुलांची मुळं चाकाखाली जातात.)

टायर बदलायचे आहेतच, तर मूळ मापाचे पाच ऑल-टेरेन घ्या. पाचवाही नवाच, कारण फोर-व्हीलमध्ये चाकांची उंची सारखी राहायला हवी. साधारण 75,000 धरा. आत्ता नोव्हेंबर आहे, महिन्याला 10,700 उरतात, सात महिन्यांत 74,900 जमतात. जूनच्या पहिल्या सरीआधी टायर गाडीला, कर्ज शून्य, एसआयपी चालू. तोवर गुळगुळीत टायरने ओल्या घाटात जायचं नाही, आणि टायर झिजून ट्रेड इंडिकेटरला (खाचांमधल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्याला) टेकला असेल तर सात महिने न थांबता दोन टायर आत्ताच बदला, तेही एकाच एक्सलवर. फोर-व्हील मात्र बाकीचे येईपर्यंत लावू नका. एप्रिलचा बोनस जसाच्या तसा अडीअडचणीच्या खात्यात. 1,40,000 चे 2,60,000 होतील. मला ते 4,15,000 (सहा महिन्यांचा खर्च) हवे आहेत, पण सुरुवात तरी होईल.

तीन वर्षांनी गाडीचं कर्ज फिटलं, पत्नी नोकरीत परतल्या आणि हौस तशीच असली, तर 35 नाही, 33 बद्दल पुन्हा लिहा. रोख पैशाने, विमा कंपनीला आधी लेखी विचारून, आणि एक्सलचा खर्च त्याच कोटेशनमध्ये धरून. घरच्यांनी वेडेपणा म्हटलं ते रकमेबद्दल असावं, छंदाबद्दल नसावं. रविवारच्या चक्करवर त्यांनाही घेऊन जा, म्हणजे कळेल.

जूनपर्यंत करण्यासारखा एकच खर्च सुचवतो: तीन-चार हजारांचा बारा व्होल्टचा हवेचा कॉम्प्रेसर आणि एक खात्रीचा प्रेशर गेज. कच्च्या वाटेला लागताना हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, जमिनीला जास्त जागेवर टेकतो, आणि पैसे न घालता मिळणारी पकड तुम्हाला पहिल्याच चढावर जाणवेल. वेग कमी ठेवा. डांबरावर परतताच कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत हवा भरा, नाहीतर साइडवॉल तापते.