कोपीवर जाण्याआधी थोडं

बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर काम करायचं ठरवलंस, छान. पण प्रश्नावली घेऊन थेट कोपीवर, म्हणजे त्यांच्या हंगामी झोपडीवर, धडकू नकोस. तुला तिथे नेणारा बहुधा मजूर पुरवणारा मुकादमच असेल, आणि त्याच्याच उचलीवर, म्हणजे आगाऊ पैशांवर, ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं अख्खा हंगाम बांधलेलं असतं. तो शेजारी उभा असताना बाई 'विचारा की' म्हणाली, तर ती संमती नव्हे. शक्य असेल तर मंडळी गावी परतल्यावर जा.

संमतीपत्रावर अंगठा मागितलास तर तिला उचलीचाच कागद आठवेल. तोंडी संमती घेता येते. मात्र तसं का करणार, हे एथिक्स कमिटीला आधीच लिहून दे.

नुसतं नाव बदलून भागत नाही. 'तीन मुलींची आई, तिशीच्या आत गर्भाशय काढलेली, अमुक तांडा' एवढं लिहिलंस की अख्खा तांडा ओळखतो. तांड्याचं नाव गाळ, तपशील सैल कर.

सर्वेक्षणातून गर्भाशय काढण्याच्या किती शस्त्रक्रिया झाल्या ते कळेल. का झाल्या, हे मात्र खाड्याच्या, म्हणजे कामावर न गेलेल्या दिवसाच्या, दंडाबद्दल, पाळीतल्या दिवसांबद्दल निवांत बोलल्यावरच उलगडतं. दोन्ही कर, पण दुसऱ्याला जास्त वेळ ठेव.

आणि हो, 2019 मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर समिती नेमली होती. तो अहवाल आधी वाच. त्यात मिळेल ते पुन्हा बाईला विचारू नकोस. तेच तेच सांगून त्या कंटाळल्यात. मलाही एकीने तोंडावर सुनावलं होतं, 'मागच्या वेळी लिहून नेलं, त्याचं काय झालं?'