३० तासांचा उपवास: शुक्रवारी सुरू करा, रविवार मोकळा ठेवा

ताई, तुमचा बेत असा दिसतो: उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, युवक मंडळाची तीसेक मुलं, नववीपासून कॉलेजपर्यंतची, शनिवार-रविवार चर्चच्या हॉलमध्ये नुसत्या पाण्यावर ३० तास राहणार, भूक म्हणजे काय ते कळावं म्हणून. आणि निम्म्या आया आत्ताच नको म्हणताहेत. वसईत आमच्या मंडळाने हे चारदा केलंय. पहिल्यांदा पार फसलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आयांचं बरोबर आहे. कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियमसुद्धा एवढा कडक नाही. उपवासाचं बंधन १८ पूर्ण झाल्यावर लागतं आणि साठावं लागलं की सुटतं. मांसवर्ज्य १४ पासून. शिवाय त्या उपवासात एक पोटभर जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं चालतं. नुसत्या पाण्याचे ३० तास ही कल्पना वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या '३० आवर फॅमिन'सारख्या कार्यक्रमांतून आपल्याकडे आली. तिकडे मुलं ओळखीच्यांकडून पैसे कबूल करून घेतात आणि तो निधी भुकेल्यांसाठी जातो. चांगलंच आहे, पण मार्चचा दमट उकाडा त्यांच्या हिशोबात नसतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी सकाळच्या प्रार्थनेत दहावीतला एक मुलगा उभ्याउभ्या खाली आला. लागलं नाही, पण त्याच्या पप्पांसमोर उभं राहताना माझे पाय लटपटत होते.

तेव्हापासून १८ च्या आतल्यांना दोन्ही वेळा पेज. बाकीच्यांना हवं तेवढं पाणी आणि लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. इन्सुलिन घेणारी, फिटची गोळी चालू असलेली, मुळातच काटकुळी मुलं उपवासाला नाहीत; त्यांना स्वयंपाकघर आणि हिशोब द्या. बारीक व्हायला म्हणून कोणी येत असेल तर तिलाही तिकडेच पाठवा. आईवडिलांची सही आधी घ्या.

आता वार. रविवार, अगदी उपवासकाळातलासुद्धा, उपवासाचा नाही. शुक्रवारी दुपारी १ ला घरी जेवून मोजायला लागा, संध्याकाळी क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला सगळे जमा, शनिवारी संध्याकाळी ७ ला ३० तास पूर्ण. रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मुलं जेवूनखाऊन येतात.

पण ३० तास हा यातला सगळ्यात हलका भाग. सात वाजता ताट मिळणार हे ज्याला ठाऊक आहे त्याला भूक कळली असं मी मानत नाही. आमच्या पोरांनी पहिल्या वर्षी सात वाजून पाच मिनिटांनी बिर्याणीची पातेली उघडली, वर सेल्फी. तेव्हाच लक्षात आलं की मधल्या वेळात आपण काहीच ठेवलं नव्हतं, नुसती गाणी आणि स्लाइड शो. तोही आफ्रिकेचा! आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं गेली, तेव्हा तो भाग आणि आपण एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला. आमच्या एकाही मुलाने ते नाव ऐकलं नव्हतं.

म्हणून शनिवारी सकाळी दोन गोष्टी करा. एक, वजनकाट्यावर तांदूळ मोजायला लावा. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला (रेशनच्या यादीतल्या गरीब घराला) माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. भागिले तीस. दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास, चहाचा कप शिगोशीग भरेल एवढं. त्यावर डाळ, तेल, मीठ, सरपण कुठून आणायचं, याचा हिशोब मुलांनाच मांडू द्या. आमच्याकडे त्यावर तासभर भांडण झालं, इतकं की भूक लागल्याचं कोणाला आठवलं नाही.

दोन, अंगणवाडीताईंना बोलवा. त्यांच्याकडे मुलांच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. त्या मापाचं कागदी कडं प्रत्येकाने करावं. वाडीतलं जाड केळं त्यात जेमतेम जातं. हे मुलांनी केळं घालूनच बघावं, तुम्ही सांगू नका.

निधीचं म्हणाल तर प्रत्येक घराने चुकलेल्या जेवणांचे पैसे पाकिटात घालावेत, एवढं पुरे. ते कुठे द्यायचे? उपवासकाळात वीटभट्ट्या जोरात असतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबं भट्ट्यांवर उतरतात, वसई-भिवंडीच्या बाजूलाही. म्हणजे ती माणसं तेव्हा तुमच्या रिक्षाच्या अंतरावर असतात. मोठ्यांपैकी दोघांनी आधी जाऊन विचारून यावं: रेशन इथल्या दुकानातून उचलता येतं हे माहीत आहे का, लहानग्यांची नावं जवळच्या अंगणवाडीत आहेत का. आमच्याकडे पैशांपेक्षा या दोन चौकश्यांचाच जास्त उपयोग झाला. मुलांची झुंड घेऊन तिथे जाऊ नका आणि फोटो तर अजिबात नकोत. बायबलमधल्या यशयाच्या ५८ व्या अध्यायात उपवास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं असं आहे. शुक्रवारी रात्री तेवढंच वाचा, प्रवचन नको.

सोडताना उकड्या तांदळाची मऊ पेज, थोडं लोणचं, अर्ध्या तासाने केळं. बिर्याणीवाल्या काकांना रविवारी बोलवा. आणि वजनकाटा शुक्रवारीच चालू करून बघा, आमच्याकडे ऐन वेळी त्यात सेल नव्हते.