भांडणाच्या घरातलं मूल : नव्या समुपदेशकासाठी
पहिल्याच भेटीत 'आई-बाबा भांडतात का?' असं विचारू नकोस. मूल एकाची बाजू घेतं, नाहीतर गप्प बसतं. चित्र काढू दे, खेळू दे. साधारण ४ ते ७ वर्षांच्या मुलांना बरेचदा वाटतं, घरात बिघडलं ते आपल्यामुळेच. 'मी दूध सांडलं म्हणून बाबा गेले.' 'तुझी चूक नाही' हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, शक्यतो आई-बाबांनीच.

फार समजूतदार मुलाकडे मात्र नीट बघ. पालक कौतुकानं म्हणतात, 'किती शहाणा झालाय!' (मला हे ऐकलं की धास्तीच वाटते.) पावलांच्या आवाजावरून मूड ओळखणं, धाकटीला दुसऱ्या खोलीत नेणं, हा पहारा असतो. त्याला निरोप्या बनवू नका, हे पालकांना स्पष्ट सांग. मारहाणीचा सुगावा लागला तर आधी वरिष्ठांना कळव, चित्रं नंतर.