पहिले चौदा दिवस

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परदेशी विद्यार्थी कक्षात तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. फार बरं वाटलं. स्वागत समारंभात लेझीम ठेवू की लावणी, असं विचारलंयस. लेझीम ठेव, पोरांना हातात घेऊन खेळता येते. पण समारंभ होणार ऑगस्टच्या शेवटी, आणि पोरं उतरतात जुलैत, कुठल्यातरी रात्री, धो धो पावसात. ऑगस्टपर्यंत मुंबईबद्दलचं त्यांचं मत पक्कं झालेलं असतं. ते मत ठरतं गेटवरच्या वॉचमनमुळे, ॲडमिशनच्या खिडकीमुळे, मेसमुळे. म्हणून तू आधी त्या माणसांकडे जा.

एक रात्र मी विसरू शकत नाही. दार-एस-सलामहून आलेली एकोणीस वर्षांची मुलगी पहाटे दोनला सहार विमानतळावरून टॅक्सीने हॉस्टेलच्या दारात पोचली. वॉचमनकडे नवीन मुलींची यादी नव्हती. ती माझ्या कपाटात होती, इंग्रजीत टाईप केलेली, वर कुलूप. तो बिचारा म्हणाला, ‘सुबह आना.’ जाणार कुठे? पोर्चमध्ये दोन बॅगांवर बसून तिने रात्र काढली. अर्ध्या तासाने वॉचमनने आपला चहा तिच्यापुढे ठेवला आणि पंखा तिच्या बाजूला फिरवला. सकाळी मी पोचले तेव्हा तिचे कॅनव्हासचे बूट पाण्याने फुगलेले होते आणि ती मलाच ‘सॉरी’ म्हणाली. त्यानंतर दर जूनमध्ये मी यादी देवनागरीत, मोठ्या अक्षरात, हाताने लिहून गेटवर लावायचे. नाव, देश, खोलीचा नंबर, येण्याची तारीख आणि खाली माझा मोबाईल. वॉचमनदादांना शेजारी बसवून प्रत्येक नाव दोनदा वाचून घ्यायचे. तूही तसंच कर.

आता कागदांकडे येते, कारण मुलं रडतात ती कागदांपायी. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्याला पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी करावी लागते. पूर्वी आम्ही मुलांना घेऊन झेवियर्स कॉलेजच्या मागच्या रस्त्यावरच्या कार्यालयात सकाळपासून रांग लावायचो. २०१८ पासून हे ई-एफआरआरओवर ऑनलाईन झालं. रांग गेली, धावपळ राहिली. अर्जाला बोनाफाईड, म्हणजे आपला विद्यार्थी असल्याचं पत्र, लागतं आणि राहण्याचा पुरावाही लागतो. तुमच्याकडे बोनाफाईड मिळायला किती दिवस लागतात? आठ लागत असतील तर मुलाच्या चौदातले आठ तुम्हीच खाल्ले. रजिस्ट्रारसाहेबांना भेटून परदेशी मुलांचं बोनाफाईड त्याच दिवशी द्यायची मंजुरी लेखी घे. तोंडी घेऊ नकोस, माणसं बदलतात.

नेपाळ आणि भूतानच्या मुलांना व्हिसा लागत नाही, हे खिडकीवर चिकटवून ठेव. २०२१-२२ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४७ हजार परदेशी विद्यार्थी होते आणि त्यात चौथ्या हिश्शाहून जास्त नेपाळचे. तरी दरवर्षी कुणीतरी क्लार्क नेपाळी मुलाला ‘व्हिसाची झेरॉक्स आण’ म्हणून परत पाठवतोच.

आणि नाव. यावर तुला जास्त वेळ द्यावा लागेल. आपला फॉर्म आपल्या घरांसाठी बनलाय: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. इथिओपियाच्या मुलाला आडनावच नसतं. त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. अफगाणिस्तानच्या कितीतरी मुलांच्या पासपोर्टवर एकच नाव असतं. फॉर्ममध्ये आडनावाची चौकट भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, मग क्लार्क आजोबांना आडनाव करून टाकतो. मार्कशीटवर नाव उलटंपालटं छापून येतं, पासपोर्टशी जुळत नाही आणि व्हिसा वाढवायच्या वेळी अर्ज अडकतो. माझा एक इथिओपियाचा विद्यार्थी अडीच महिने फक्त नावाच्या दुरुस्तीसाठी परीक्षा विभागात चकरा मारत होता. पासपोर्टवर जसं नाव, त्याच क्रमाने, तसंच्या तसं पहिल्या दिवशी. चौकट रिकामी सोडता येत नसेल तर संगणक विभागाला ती बदलायला लाव.

त्याच मुलाची आणखी एक गोष्ट. तो २०१७ मध्ये आला, आणि बारावीच्या दाखल्यावर वर्ष होतं २००९. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आठ वर्षांचा गॅप आहे, ॲफिडेव्हिट आण. पोरगा अठरा वर्षांचा! म्हणजे दहाव्या वर्षी बारावी झाला की काय? इथिओपियाचं पंचांग आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा सात-आठ वर्षं मागे चालतं, हे त्या बाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून समजावलं तेव्हा त्या मनापासून हसल्या. ‘आपलं शक नाही का, तसंच,’ म्हणाल्या आणि पुढे त्या प्रकरणांत माझ्याहून तयार झाल्या. खिडकीवरची माणसं दुष्ट नसतात, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. जूनमध्ये त्यांच्याबरोबर दोन तास बस, चहा-वडापाव मागव आणि गेल्या वर्षीची अडलेली प्रकरणं दाखव.

घराचा प्रश्न मात्र एवढा भाबडा नाही. हॉस्टेल पुरत नाही आणि एजंट फोनवर देशाचं नाव ऐकून ‘रूम गेली’ म्हणतो. आफ्रिकेतल्या मुलांच्या वाट्याला हे सगळ्यात जास्त येतं. तो वर्णद्वेष आहे, त्याला दुसरं सौम्य नाव देऊ नकोस. पण काही सोसायट्या निव्वळ पोलिसांच्या भीतीने नाही म्हणतात, कारण परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत ऑनलाईन कळवायचं असतं आणि ते कसं करायचं हे घरमालकाला माहीत नसतं. तिथे तू स्वतः जा. सेक्रेटरींच्या घरी बसून, त्यांच्याच लॅपटॉपवर पहिला फॉर्म भरून दे. मी कलिना-सांताक्रूझ पट्ट्यात अशी सात घरं मिळवली होती आणि त्यातली पाच वर्षानुवर्षं टिकली. एका आजींनी तर पुढे मला फोन करून विचारलं, ‘यंदा कोणी मुलगी आहे का?’

वर्गातलं थोडक्यात. पंचाहत्तर टक्के हजेरी, इंटर्नल आणि एटीकेटी हे तीन शब्द पहिल्या आठवड्यात उदाहरणासह समजाव. एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची मुभा, पण त्याचा अर्थ काढून टाकलं असा समजून एक मुलगा तिकीट काढायला निघाला होता.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी कार्यालय हवं. त्यामुळे आता पाट्या भराभर लागताहेत. पण मुंबईला हे काम नवं नाही. देवनारची लोकसंख्या अभ्यास संस्था १९५६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभी राहिली ती आशिया-पॅसिफिकमधल्या मुलांना शिकवण्यासाठीच. एकदा तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलायला जा. गोवंडी स्टेशनपासून जवळ आहे.

शेवटचं, दिवाळी. आपली पोरं गावी जातात, मेस बंद होते आणि रिकाम्या हॉस्टेलात परदेशी मुलं ब्रेड-बिस्किटांवर आठवडा काढतात. ऑक्टोबर लागायच्या आधी रेक्टरना भेटून एक गॅस आणि एक स्वयंपाकी चालू ठेव. रमझानमध्ये सहेरीच्या, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या, सोयीला हो म्हणतात का तेही त्याच बैठकीत विचार. आणि दिवाळीतल्या एका संध्याकाळी चार-पाच जणांना घरी जेवायला बोलाव. तिखट कमी कर, वरणभातावर तूप भरपूर वाढ.

यंदाची पहिली मुलं कोणत्या तारखेला उतरताहेत ते कळव. नावं पाठवलीस तर देवनागरीत लिहून देते, उच्चार फोनवर त्यांनाच विचारून घेऊ.

तुझी,
मॅडम