गडावरून आठवण म्हणून आणलेला तुकडा गुपचूप परत ठेवावा का?

आपण लिहिले आहे की दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयातील मित्रांबरोबर एका गडावर गेले असताना वाड्याच्या जोत्याजवळ पडलेला, निळी नक्षी असलेला चिनी मातीच्या भांड्याचा एक तुकडा आपण आठवण म्हणून घरी आणला. आता तो कपाटात दिसला की आपल्याला अवघडल्यासारखे होते. मित्रांचे म्हणणे असे की असे तुकडे दर पावसाळ्यात दरीत वाहून जातात, तेव्हा एवढे मनाला लावून घेऊ नये. आणि आपला प्रश्न असा की पुढच्या खेपेस तो कोणाला न सांगता होता तिथे नेऊन ठेवला तर चालेल का.

माझे उत्तर आहे की तुकडा परत करावा, पण गुपचूप ठेवू नये. मी पुरातत्त्वशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. आपण केले तेच मीही केले आहे, आणि माझी चूक आपल्यापेक्षा मोठी होती, कारण असे का करू नये हे मला वर्गात शिकवून झालेले होते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी आमच्या तुकडीला उत्खननाच्या प्रशिक्षणासाठी गोदावरीच्या खोऱ्यातील एका गावाजवळ नेले होते. नदीकाठच्या अशा जुन्या टेकाडांना गावोगावी पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून तिथली जमीन भोवतालच्या काळ्या रानापेक्षा फिकट झालेली असते, आणि ती माती पिकाला मानवते म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात नेत आले आहेत. आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी मी खड्ड्याची उभी भिंत, जिला आम्ही छेद म्हणतो, खुरपीने तासून सरळ करत होते. तासताना तांबूस रंगाच्या भांड्याची एक तोटी निखळून माझ्या पायाशी पडली. तिच्यावर काळ्या रंगाच्या तीन तिरप्या रेषा होत्या. अंगठ्याएवढी ती वस्तू मी पुसली, नखाने हलकेच वाजवून पाहिली, आणि जोर्वे पद्धतीच्या चांगल्या भाजलेल्या खापरातून जो खणखणीत आवाज येतो तो ऐकून मला इतका आनंद झाला की नोंद करायच्या पिशवीऐवजी ती माझ्या सॅकच्या कप्प्यात गेली. त्या क्षणी मला चोरी केल्यासारखे मुळीच वाटले नाही. एकवीस दिवस उन्हात राबल्यानंतर त्या जागेचे काहीतरी आपल्याजवळ असावे, एवढेच वाटले.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील प्रवरेकाठचे गाव. तिथे 1950-51 मध्ये उत्खनन झाले आणि महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. त्या लोकांचे जगणे किती बारकाईने समजू शकते हे डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावला 1968 ते 1983 या काळात केलेल्या उत्खननाने दाखवून दिले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 अशी जवळजवळ नऊशे वर्षे तिथे वस्ती होती. आधीच्या काळातील घरे चौकोनी व प्रशस्त आहेत, तर शेवटच्या तीनशे वर्षांत गोल, लहान झोपड्या दिसू लागतात. हवामान कोरडे होत गेल्यामुळे शेती खालावली आणि लोक गरीब झाले, असा त्याचा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी लावला. तो अर्थ पटो वा न पटो, तो मांडता आला याचे कारण एकच आहे: कोणते खापर कोणत्या थरात, कोणत्या घराच्या जमिनीवर, किती खोलीवर मिळाले हे लिहून ठेवलेले होते. थरातून सुटलेले खापर सुंदर दिसते, परंतु ते चौकोनी घराच्या सुबत्तेचे आहे की गोल झोपडीच्या हलाखीचे, हे त्याला सांगता येत नाही.

वस्तू मोठी असली म्हणजे ही अडचण टळते असेही नाही. प्रवरेकाठच्याच दायमाबादला 1974 मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची चार शिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरते. त्या शेतकऱ्याने काही वावगे केले नव्हते, आणि शिल्पे सरकारजमा होऊन संग्रहालयांत सुखरूप पोहोचली. तरीही ती थरांच्या नोंदीसह बाहेर आली नाहीत, म्हणून ती नेमकी कोणत्या काळातील यावर अभ्यासकांत वाद झाला. साठ किलो धातूची जिथे ही गत, तिथे माझ्या तोटीची काय कथा!

माझ्या चुकीचा अर्थ मला पुढच्या वर्षी समजला, आणि तोही एका बेरजेतून. माझ्या प्रबंधिकेचा विषय त्याच टेकाडावरील तोटीची भांडी हा होता. प्रत्येक थरातील खापरे जमिनीवर मांडून आकारानुसार मोजायची, असे ते काम असते. एका थराच्या नोंदीत तोट्यांची संख्या चार होती. मी तक्त्यात चार हा आकडा लिहिला आणि त्याच वेळी मला ठाऊक होते की पाचवी तोटी वसतिगृहातील माझ्या टेबलावर, पेन्सिलींच्या डब्याशेजारी पडलेली आहे. चारऐवजी पाच लिहिले असते तर पुरावा नसताना आकडा वाढवल्यासारखे झाले असते, आणि चार लिहिले तर माहीत असलेले खोटे लिहिल्यासारखे. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा नीट कळले की मी एक वस्तू घेतली नव्हती, तर दुसऱ्या कोणाच्या तरी गणितातील एक आकडा खोडला होता. योगायोगाने ती दुसरी व्यक्ती मीच निघाले. ती कोणी अनोळखी विद्यार्थिनी असती तर तिला हे कधीच कळले नसते.

यानंतर माझ्या मनात जो विचार आला तोच आज आपल्या मनात आहे. पुढच्या हंगामात खड्डा पुन्हा उघडला की तोटी मातीत सरकवायची, म्हणजे ती कोणाला तरी सापडेल, तिची नोंद होईल आणि माझ्यावर काही येणार नाही. सुदैवाने तसे करण्याआधी मी माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांकडे गेले आणि सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "परत ठेवणार होतीस ती कोणत्या थरात?" मला उत्तर देता आले नाही, कारण छेदाच्या कोणत्या उंचीवरून ती पडली हे मी तेव्हाही पाहिले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "घेतलीस तेव्हा तू एक नोंद पुसलीस. चुकीच्या थरात ठेवली असतीस तर एक खोटी नोंद तयार केली असतीस. पहिली निदान आपल्याला माहीत आहे; दुसरी कोणालाच कधी कळली नसती."

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या वाक्यात आहे. गुपचूप परत ठेवल्याने मन हलके होते, पण जागेचे झालेले नुकसान भरत नाही, उलट वाढण्याचा संभव असतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके आहेत. पर्यटक त्यांचे तुकडे नेतात आणि पुढे पश्चात्ताप होऊन क्षमापत्रांसह टपालाने परत पाठवतात. मात्र ते तुकडे मुळात कुठे होते हे ठाऊक नसल्याने उद्यानाला ते जागेवर ठेवता येत नाहीत. परत आलेल्या दगडांचा तिथे रस्त्याकडेला एक ढीगच झाला असून तो सदसद्विवेकाचा ढीग अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. तो दगडांचा ढीग पाहिला की कळते, वस्तू परत येऊ शकते, पण तिची जागा परत येत नाही.

आता आपल्या मित्रांच्या म्हणण्याकडे येते. पावसाने तुकडे वाहतात हे खरे आहे. पण पाऊस निवड करत नाही, आपण करतो. जाडेभरडे माठाचे खापर कोणी घरी नेत नाही. निळ्या नक्षीचा, हातात छान बसणारा तुकडाच उचलला जातो. चिनी मातीची भांडी बंदरांतून घाट चढून वर आलेली असत, त्यामुळे गडाच्या कोणत्या भागात ती वापरात होती यावरून तिथे कोण राहत होते, त्यांची ऐपत आणि व्यापाराशी नाते काय होते याचा अंदाज बांधता येतो. दर शनिवार-रविवारी शेकडो लोक येऊन फक्त देखणे तेवढे उचलत राहिले तर उद्या तिथे पाहणी करणाऱ्याला त्या वाड्यात साध्या खापरांखेरीज काही दिसणार नाही, आणि तो प्रामाणिकपणे लिहील की येथे साधी वस्ती असावी. जुलै 2025 मध्ये आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. गर्दी वाढणार हे उघड आहे. म्हणूनच हा प्रश्न आपण आत्ता विचारलात याचे मला फार बरे वाटले.

कायद्याविषयी थोडक्यात सांगते. केंद्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम 1958 चा, तर राज्याचा 1960 चा आहे, आणि संरक्षित ठिकाणाहून अवशेष हलवणे हा गुन्हा ठरू शकतो. एक जुना आणि फारसा माहीत नसलेला कायदा 1878 चा आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे निधान सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवले पाहिजे, असे तो सांगतो. पावसाळ्यानंतर गडावर शिवराई, म्हणजे शिवकालीन तांब्याची नाणी, शोधत फिरणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

आपण पुढे काय करावे, याविषयी माझ्या अनुभवावरून सांगते. तुकडा धुऊ नका आणि त्यावर काही चिकटवू नका. कडेला जुनी माती असेल तर ती तशीच राहू द्या. साध्या कागदात गुंडाळून डबीत ठेवा. गडाच्या प्रवेशाजवळील फलकावर तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे की राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, हे लिहिलेले असते. त्या कार्यालयाला आपल्या नावाने पत्र लिहा. पत्रात क्षमायाचना दोन ओळींची पुरे. बाकीचे पान जागेच्या वर्णनाला द्या: वाड्याचे कोणते जोते, दरवाजाच्या कोणत्या बाजूला, जवळ कोणते टाके किंवा बुरूज, तुकडा मातीवर पडलेला होता की अर्धा रुतलेला, महिना कोणता. त्या दिवशीची छायाचित्रे मोबाइलमध्ये असतील तर तीही जोडा. मागे दिसणाऱ्या भिंतीवरून जागा बरीच नेमकी ठरवता येते. नाव न घालता पाठवलेल्या तुकड्याबद्दल कोणी काही विचारू शकत नाही, आणि खरे उपयोगाचे असतात ते असे विचारलेले प्रश्नच. जबाबदारी घेणे म्हणजे शिक्षा भोगण्याची तयारी, असे मी पूर्वी समजत असे. प्रत्यक्षात मला एका टेबलाशी बसून एक छापील तक्ता भरावा लागला, आणि त्यातील खोलीचा रकाना रिकामा सोडताना जेवढी लाज वाटली तेवढी कोणाच्या रागावण्याने वाटली नसती.

काही वाचक म्हणतील की संग्रह करणे हीच मुळात वाईट गोष्ट आहे का. मला तसे वाटत नाही. तेर या प्राचीन नगरातील पुराणवस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या नसत्या तर आज तिथले शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले नसते. पण त्यांनी जमवलेल्या वस्तू तेरमध्येच राहिल्या आणि सर्वांना पाहता येतात. माझ्या तोटीने तीनशे किलोमीटरचा प्रवास केला आणि ती एकटी माझ्यासाठी उरली. तोही संग्रह आणि हाही संग्रह, असे मला म्हणवत नाही.

आठवणीची ओढ मात्र खरी असते आणि ती नाकारण्याचे कारण नाही. मी आता जिथे जाते तिथे वही नेते आणि एका वस्तूचे मोजमापांसह चित्र काढते. खापराच्या काठाचा बाक, जाडी, रेषांमधील अंतर हे कागदावर उतरवायला अर्धा तास लागतो. माझ्या टेबलावर ती तोटी वर्षभर होती, पण तिच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटाचा ठसा आहे हे मला तिचे चित्र काढताना, म्हणजे ती परत देण्याच्या दिवशी दिसले. ती आज विभागाच्या भांडारात, थर अनिश्चित असे लिहिलेल्या पिशवीत आहे. चिठ्ठीवर माझे नाव आहे, आणि प्रबंधिकेच्या तक्त्याखाली मी एक तळटीप देऊन हा सारा प्रकार नोंदवला आहे.

पत्र आपण उद्या लिहा किंवा पुढच्या आठवड्यात, पण जागेचे वर्णन मात्र आज रात्रीच कागदावर उतरवून काढा. मी वर्षभर थांबले, आणि तेवढ्यात छेदाची उजवी बाजू की डावी, हेसुद्धा मला दोनदा विचार करून सांगावे लागले. आपल्याला तर दोन वर्षे झाली आहेत.