पाणी भरून डिशवॉशर गप्प होतोय? बोर्ड बदलण्याआधी कूलरची मोटर आठवा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भावाची पुण्याहून बदली झाली तेव्हा त्याने दिलेलं मशीन, पाच महिने ओसरीत चादर टाकून पडलेलं, आता दिग्रसजवळच्या गावी बोअरच्या पाण्यावर जोडलंय. सुरू केलं की पाणी आत येतं, आपोआप थांबतं, मग मिनिटभर गुंऽऽ असा दबका आवाज येतो आणि सगळं गप्प. दिवे लुकलुकत राहतात. बंद करून परत लावलं की आतलं पाणी बाहेर फेकतं, नवीन भरतं, पुन्हा तेच. मेकॅनिक फोनवरूनच म्हणतो बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला. पैसे पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

अजून नका पाठवू.

मी मेकॅनिक नाही. शाळेवर आहे, दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारट. पण हाच आवाज आमच्या घरात आठवडाभर ऐकलाय, आणि मलाही फोनवरून बोर्डच सांगितला होता.

आधी मशीन काय करतं ते पाहू. सुरुवातीला जुनं पाणी बाहेर टाकतं. मग नवीन घेतं, साधारण तीन-चार लिटर, एवढंच. ते पुरेसं झालं की खालचा मोठा पंप तेच पाणी फिरवतो, पात्यांमधून भांड्यांवर उडवतो. पाणी फिरायला लागलं की हीटर तापतो. हा क्रम ध्यानात ठेवला तर निम्मं निदान ओसरीत बसून होतं. तुमच्याकडे पाणी येतं आणि वेळेवर थांबतंही, म्हणजे नळाचा व्हॉल्व्ह आणि पाणी मोजणारा भाग आपलं काम करताहेत. बाहेर फेकतंय, म्हणजे निचऱ्याचा पंप चांगला. हा सगळा कारभार बोर्डच चालवतो, तेव्हा तो पार मेलेला नाही. बोर्डावरचा एखादा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा स्विच, जळतो, नाही असं नाही. पण तसं झालं तर पंपाला करंटच जात नाही आणि बहुतेक वेळा आवाजही येत नाही. तुमच्याकडे गुंऽऽ येतोय. मोटरला करंट मिळतोय, ती फिरत मात्र नाहीये.

आता सांगा, हा आवाज तुम्ही आधी कुठे ऐकलाय? होळीनंतर माळ्यावरून कूलर काढतो, टाकीत पाणी भरतो, बटण दाबतो, आणि पंप नुसता गुणगुणतो. गवताच्या ताट्या कोरड्याच. मग घरातलं कोणीतरी प्लग काढून पंपाच्या पंख्याला बोटाने एक फेरा देतं, क्षार कडकन सुटतो आणि पाणी चढायला लागतं. विदर्भात हे ज्याला माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. डिशवॉशरमधला पंप त्याचाच मोठा भाऊ. पाच महिने कोरडा पडला, आत उरलेलं थोडं पाणी वाळलं, क्षार धरला, रबरी सील चिकटलं. झालं.

आमचं मशीन २०२० सालचं. त्या वर्षी कापूस वेचणी अन् दिवाळी मिळून दोन महिने ते बंद होतं, नंतर लावलं तर तुमच्यासारखंच. फोनवरच्या माणसाने नऊ हजारांचा बोर्ड सांगितला. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. त्याच दिवशी विहिरीवरची मोटर घेऊन वायंडिंगवाला, म्हणजे मोटरीतली तार गुंडाळून देणारा पोरगा घरी आला होता, त्याने चहा पिता पिता आवाज ऐकला आणि म्हणाला, “सर, हे तं कूलरवानी जाम झालं. फिरवून पाहा ना बाप्पा.” ज्या माणसाने जन्मात डिशवॉशर उघडला नव्हता, त्याने एका कानात निदान केलं.

करायचं काय ते सांगतो. पण त्याआधी प्लग काढा. बटण बंद करणं वेगळं, प्लग काढणं वेगळं. आतला हीटर दोन हजार वॅटच्या आसपासचा असतो, खाली पाणी, बाहेर पत्रा, आणि आपल्या खेड्यातल्या घरांत अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतंच असतं. प्लगच्या तिसऱ्या पिनमागे खरंच तार आहे का, हे वायरमनकडून एकदा बघून घ्याच. मशीन चालो न चालो, हे काम तेवढं करा.

खालचा रॅक काढा, पातं उचला, गाळणी फिरवून बाहेर घ्या. वाटीने आणि स्पंजने पाणी उपसा. खोलगट भागात बोट घालण्याआधी हातमोजा घाला, फुटक्या काचेचा तुकडा असू शकतो. आमच्याकडे दोन चिंचोके, लिंबाच्या बिया आणि कोणाच्या तरी ब्लाउजचा हूक निघाला. तिथे झाकणाखाली छोटा पंखा दिसेल, तो बहुतेक मशीनमध्ये निचऱ्याच्या पंपाचा असतो. तो फिरतोय म्हणून खूश होऊ नका. तुमचा अडलेला पंप वेगळा, तो खाली असतो आणि वरून सहसा हाताला लागत नाही.

म्हणून पहिला उपाय न उघडण्याचा. किराणा दुकानातून शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व आणा, सायट्रिक म्हणून मागितलं तरी देतात. तीन-चार लिटर चांगल्या गरम पाण्यात विरघळवा, उकळतं नको, आणि तळात ओता. तळाशी पाणी मऊ करायच्या मिठाचा कप्पा असतो, त्याचं झाकण घट्ट आहे ना ते पाहा, त्यात हे जाता कामा नये. प्लग काढलेलाच ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग लावून सुरू करा; मशीन आधी ते बाहेर टाकेल, मग भरेल. पुन्हा नुसतं गुंऽऽ झालं तर लगेच बंद करा, अडलेल्या मोटरला करंट देत राहिलं की वायंडिंग तापतं. दोन-तीन रात्री असं करून पाहायला हरकत नाही. संडास साफ करायचं ॲसिड मात्र चुकूनही घालू नका. आमच्या शेजाऱ्यांनी सुचवलं होतं. ते स्टीलला खातं, हीटरलाही.

तेवढ्याने नाही सुटलं तर दोन माणसं लावून मशीन पाठीवर निजवा. सगळं पाणी उपसून, खाली गोधडी टाकून. मिठाच्या कप्प्यातलं पाणी तरी थोडं सांडतंच. खालचा पत्रा काढला की पंपाची मोटर दिसते. जुन्या पद्धतीच्या मोटरला मागे पंखा किंवा दांड्याचं टोक असतं, ते हाताने फिरवायचं. आमचं इथेच सुटलं. पहिला फेरा जड गेला, मग मोकळा. पण तुमचं मशीन नव्या धाटणीचं, इन्व्हर्टर मोटरचं असेल तर ती सगळीकडून बंद असते. तिथे जबरदस्ती करू नका, तिथून पुढे खरंच मेकॅनिकचं काम.

फिरवून मोकळी आहे तरी गुणगुणते, असं असेल तर शंका कंडेन्सरवर, म्हणजे मोटरला उठताना जोर देणाऱ्या भागावर. पंख्याला असतो तसाच, मोटरला लागून पांढरी डबी. त्यावरचा आकडा पाहून तेवढ्याचाच आणायचा. प्लग काढल्यावरही त्यात करंट साठून राहतो, म्हणून हे काम मोटर वायंडिंगवाल्याकडूनच करून घ्या. आमचा कंडेन्सर अशक्त निघाला, दीडशे रुपयांत काम झालं.

आता व्होल्टेज. हा मुद्दा शहरातला मेकॅनिक कधीच विचारत नाही, कारण त्याच्या डोक्यात २३० पक्कं असतं. आमचं मशीन मोकळं झाल्यावर सकाळी मस्त चालायचं, आणि रात्री जेवणं आटोपून लावलं की पुन्हा अडायचं. मीटर लावून पाहिलं तर रिकाम्या वेळी २१०, काही तक्रार नाही. पण मशीन सुरू करून पाहिलं तेव्हा १६८! डीपीवरून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून, घरापर्यंतची तार बारीक आणि लांब, त्यात हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत रात्रीच्या सगळ्या मोटरी सुरू. व्होल्टेज थोडं पडलं की ताकद त्याच्या वर्गाने पडते: १७० व्होल्टवर २३० च्या हीटरची ताकद जेमतेम ५५ टक्के उरते, आणि साध्या मोटरचा उठतानाचा जोरही तसाच घटतो. म्हणून मोजायचं ते मशीन चालू असताना, त्याच प्लगच्या शेजारी. आणि एकदा दुपारी, घरातलं बाकी काही सुरू नसताना, मशीन लावून पाहा. दुपारी चाललं तर रोग घराबाहेर आहे. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर या कामाला पुरत नाही, एवढा मोठा हीटर आहे. आम्ही नवीन घेतलाच नाही, भांडी सकाळी दहाला लावतो.

दोन गोष्टी तुमच्या बाबतीत नसाव्यात, पण खात्री करा. सासूबाईंनी कौतुकाने नेहमीचा भांडी घासायचा लिक्विड साबण घातला नाही ना? त्याचा फेस झाला की पंप पाण्याऐवजी फेसच ढवळतो आणि मशीन बावचळतं. दुसरं, निचऱ्याचा पाइप मोरीत जमिनीवर लोळत असेल तर तो दीड ते तीन फूट उंचीवर बांधा, नाहीतर भरलेलं पाणी आपसूक वाहून जातं. तुमचं पाणी आत राहतंय, म्हणजे आज ही अडचण नाही. पुढे होऊ नये म्हणून सांगितलं. पंप चालतोय, पाणी उडतंय, पण अर्ध्या तासाने दार उघडलं तर भांडी थंडगार, असं झालं तर मग हीटरवर शंका घ्यायची. प्लग काढून, त्याच्या तारा सोडवून, मीटरवर दोन हजार वॅटचा हीटर २६ ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तो गेला.

मशीन सुरू झालं की लगेच करायचं एक काम, जे भावाला सुचलं नसणार. आत पाणी मऊ करायची सोय असते आणि पाणी किती जड आहे ते त्याला आपण सांगायचं असतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी मऊ, तिथे ती सेटिंग अगदी खालची असेल. तुमचं बोअर काळ्या खडकातलं. त्याच सेटिंगवर चालवलंत तर पुढच्या होळीपर्यंत पंप, हीटर, पात्यांची भोकं, सगळ्यांवर पांढरा थर. मॉडेल नंबर टाकून माहितीपुस्तक उघडा, सेटिंग वाढवा, आणि कप्प्यात डिशवॉशरचं जाडं मीठ भरा. घरचं आयोडीनचं बारीक मीठ नको. आमच्या खारपाणात गंमत वेगळी: पाण्यात सोडियमच इतकं की मीठ भरूनही ग्लासांवर पांढरी छटा राहते, कारण ते यंत्र चुना काढतं, खारटपणा नाही. शेवटी आम्ही शहानूर धरणाचं नळाचं पाणी टाकीत साठवून त्यावरच चालवतो. तुमच्याकडे एवढा त्रास नसावा.

आज रात्री लिंबूसत्त्व घालून पाहा. सकाळी गुंऽऽ नंतर आत पावसासारखी खळखळ ऐकू आली तर समजा सुटलं. पहिली फेरी रिकामी काढा, मगच गंज, कोपर, ताटं लावा. नाहीच सुटलं तर पत्रा काढून मोटरचा फोटो टाका, मागे पंखा आहे का बंद डबी आहे ते पाहून पुढचं सांगतो.